छावणीतली हौसाबाई

११ जानेवारी, शनिवार

आणि नकला करणं हे काम नाही, तर मग काय आहे ते दादाने एकदा सांगावं. घाम येतो, घसा बसतो, जमलं नाही तर लोक तोंडाकडे बघत गप्प बसतात. बंदूक घेऊन उभं राहिलं तेवढंच काम, बाकीचे सगळे रिकामटेकडे. नोव्हेंबरात आफ्रिकेला निघताना दिल्लीहून फोन केला, तेव्हाही शेवटचं वाक्य हेच. "नंद्या, आता तरी काहीतरी धड कर. आयुष्यभर दुसऱ्याच्याच आवाजात बोलणार आहेस का?" मी फोन ठेवून दिला. तेव्हापासून तो करत नाही, मीही करत नाही. भरतीला माझी छाती दोन्ही वेळा कमी भरली, ती काय मी मुद्दाम आत ओढून धरली होती?

नववीत शाळा सुटली ती सुटली. कॅनडात आलो तो मशरूमच्या अंधाऱ्या शेडवर. तिथे जीव रमेना. आता ब्रॅम्पटनला पोळ्यांच्या फॅक्टरीत आहे. पोळ्या मशीन लाटतं, मशीनच भाजतं, मी नुसत्या पिशवीत भरतो. इथे तरी किती दिवस टिकेन देव जाणे.

आज दोन बस बदलून मिसिसागाला डॉक्टर मुजुमदारांकडे गेलो. पंच्याहत्तरी उलटलेले, रिटायर फॅमिली डॉक्टर. गणपतीत मंडळात माझ्या नकला झाल्या तेव्हापासून मला नंदूशेठ म्हणतात. शनिवारी सकाळी इथल्या रेडिओवर मराठी तास असतो, तो ते आणि शीलाकाकू चालवतात. आता नवीन काढलंय. आपली एक पलटण आफ्रिकेत शांतीसेनेत गेलीय, तिथे लढाई पेटलेली आहे. त्यातल्या एका कॅप्टनचे वडील डॉक्टरांचे मित्र. तर त्या जवानांसाठी अर्ध्या तासाचा कार्यक्रम बेसमेंटमध्ये रेकॉर्ड करायचा आणि कॅप्टनला पाठवायचा. तो जेवणाच्या तंबूत भोंग्यावर लावणार. गाणी, घरच्यांचे निरोप आणि एक नक्कल. डॉक्टरांचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. तिथे रेडिओवर मराठी गाणी, नकला लागायच्या, चिखलात बसून ऐकायचो, असं ते सांगायचे म्हणे.

मी विचारलं, "पलटण कुठली?"

दादाचीच निघाली.

"माझा सख्खा भाऊ आहे त्यात. हवालदार पृथ्वीराज."

"मग तर झालंच," काकू म्हणाल्या. "त्याला आधी सांगू नकोस. भोंग्यावर एकदम तुझा आवाज ऐकू दे."

माझा आवाज तर तो ऐकणारच नाही, दुसऱ्याचा ऐकेल. पण तंबूभर माणसं हसताना बघेल. तेवढं बास.

१८ जानेवारी, शनिवार

पहिलं रेकॉर्डिंग झालं. किचनर गावाहून ऊर्मी येते, सॉफ्टवेअरमध्ये आहे, माइक आणि कापाकापी तिच्याकडे. निरोप काकूंकडे. जवानांच्या घरची माणसं फोनवर बोलतात, काकू कानाला लावून ऐकतात आणि नको ते काढायला सांगतात. आज एका आजीने नातवाला सांगितलं होतं की म्हैस मेली. काकू म्हणाल्या, "ऊर्मी, तेवढं काढ गं. तिथे बसून तो काय करणार बिचारा?"

मला यात नवीन काही नाही. आमच्या गावात घरटी एक फौजी, आणि फौजीला घरचं वाईट कळवायचं नाही हा नियम. आजोबा गेले तेव्हा बाबांना तेरावं झाल्यावर कळवलं होतं. बाबांनीही कधी विचारलं नाही, आधी का नाही सांगितलं म्हणून.

नक्कल कशाची करावी ते सुचत नव्हतं. मग उल्कावहिनींची आठवण झाली. दादाची बायको. घरात ती आणि आई दोघीच, आणि आई बोलते ती कोंबड्यांशी. म्हणून वहिनी मला व्हॉइस नोट पाठवते. मी फॅक्टरीत जेवणाच्या सुट्टीत ऐकतो. मी उत्तरात तिचीच नक्कल करून पाठवतो, ती हसते. परवा सांगत होती, "भाऊजी, अहो भाकरीचा वास सोसवेना झालाय मला. आत्याबाई थापतात, मी दारात जाऊन बसते. आणि कवठ खावंसं वाटतं, बाजारातली सगळी कवठं मीच आणली." लगेच हौसाबाई उभी राहिली. फौजीची बायको, नवऱ्याला घरची हकिकत सांगतेय.

"अवं धनी, तुमी तिकडं आफ्रिकेत सिंव्ह बगताय, हितं मी रोज तुमच्या आईला बगतीया. भाकरी थापायचं म्या बंद केलंय. वास येतो. सासूबाई म्हनल्या, मग खानार काय? म्हनलं, कवाठ. म्हनल्या, कवाठ खाऊन कुनी जगतं व्हय? म्हनलं, तुमचा ल्योक डब्यातलं खाऊन जगतोय न्हवं?"

ऊर्मीला माइक बंद करावा लागला, इतकी हसली. वहिनी आता शहरातल्या बाईसारखी नखरे करायला लागलीय हे खरंच. करेना का. मला माल मिळतोय.

२६ जानेवारी, रविवार

तिकडे झेंडावंदनानंतर कार्यक्रम लावला. कॅप्टनचा निरोप आला: गाणी ठीक, हौसाबाई पुन्हा पाहिजे. सगळे जवान एकमेकांना धनी म्हणताहेत. दादाचा काहीच निरोप नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

रात्रभर बर्फ पडलं होतं. डॉक्टरांच्या घरापुढचा ड्राइव्हवे आधी फावड्याने मोकळा केला, मग खाली उतरलो. काकूंनी चहा आणि थालीपीठ दिलं. डॉक्टर म्हणाले, "नंदूशेठ, माझ्या पेशंटना औषधाने जितकं बरं वाटलं नाही तितकं तुझ्या हौसाबाईने वाटतंय बघ."

या वेळचा मालही वहिनीचाच. टेकडीवरच्या देवीला गेली होती. नोटमध्ये म्हणते, "पायऱ्या चढताना तीनदा बसले भाऊजी. पूर्वी मी पळत जायचे. आत्याबाई म्हणतात, असं होतंच या दिवसांत. आता बोलतानाही बघा, कसं होतंय." मध्येमध्ये थांबून श्वास घेत होती. मी तो थांबा बरोब्बर उचलला. दोन शब्द, मग हा, हा, मग पुढचे दोन. या दिवसांत म्हणजे थंडीच्या म्हणायचं असेल आईला.

"देवीच्या पायऱ्यांवर... तीनदा बसले धनी. पुजारी म्हनला, बाई... देवी वर हाय. म्हनलं, मग तिलाच... खाली बोलवा. काम माजं न्हाई... तिचंच हाय माज्याकडं, नारळ मी आनलाय."

ऊर्मी म्हणाली, "ते दम लागल्याचे आवाज खूप पिकअप झालेत. क्लीन करू का? आय कॅन रिमूव्ह इट."

डॉक्टर म्हणाले, "छे, ठेव. तीच तर गंमत आहे. काय सही दम काढतो हा पोरगा."

ठेवला.

९ फेब्रुवारी, रविवार

दादा अजून गप्प. लोकांच्या भावांनी काही केलं तर लोक छाती फुगवतात. कॅप्टनने त्याला सांगितलं असणार, तुझ्याच भावाचा आवाज आहे. एक ओळ लिहायला काय जातंय? सुपरवायझर म्हणाला, "क्या बात है नंदू, आज पैकेट में एक रोटी कम, एक में ज़्यादा." लक्ष नाही कामात. इथून उठून कुठेतरी दुसरीकडे जावं असं सारखं वाटतं. कुठे, ते कळत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कॅप्टनची मेल आली. छावणीजवळ दोन दिवस गोळीबार चालला होता. जीपवर गोळ्या आल्या, दोघे जखमी. आपल्यातलं कोणी गेलं नाही. विमानं बंद आहेत, रजेवर निघालेलेही अडकलेत. खाली लिहिलं होतं, पोरं गप्प झालीत, जेवताना कोणी बोलत नाही. हौसाबाई जरा लांबवा.

आम्ही चौघं बेसमेंटमध्ये बसलो. जखमींची नावं नव्हती. काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी घरी फोन लावला. वहिनीने उचलला.

"दादाचा फोन होता का?"

"काल आला होता. म्हणाले, इकडे मस्त आहे, क्रिकेट खेळतोय."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हटलं, इकडे पण मस्त आहे."

मी हसलो. तीही हसली आणि खोकला लागला तिला. गोळीबाराचं मी सांगितलं नाही. सांगायचं नसतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आजच्या हौसाबाईएवढी चांगली नक्कल मी जन्मात केली नव्हती. पाऊण तास आधी बाहेर थंडीत उभा राहून तोंडातल्या तोंडात घोकली. वहिनीची परवाची नोट अशी: "चपला बसेनात भाऊजी, पाय सुजल्यासारखे झालेत, म्हणून ह्यांचे जुने बूट घालते. आत्याबाई हसतात. रात्री आडवं पडलं की गुदमरल्यासारखं होतं, तर तक्क्याला टेकून बसते, तसाच डोळा लागतो. तुम्हाला म्हणून सांगते. ह्यांना नका सांगू."

मी कशाला सांगतोय. आमचं बोलणंच बंद आहे. आणि हौसाबाई म्हणजे काही वहिनी नाही.

"चपला बसंनात... म्हनून तुमचं बूट घालून हिंडतीया धनी. गावातली कुत्री... सलाम ठोकत्यात. आनि रातच्याला आडवं पडायचं... सोडलंय म्या. तक्क्याला टेकून बसतीया, म्हारानीवानी. तुमी तिकडं ड्युटीवर जागं, मी हितं... जागी. पगार मातुर... तुमालाच."

डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसत होते. "पगार मातुर तुमालाच," पुन्हा पुन्हा म्हणत होते. वर जेवायला गेलो तर तिथेही. काकू म्हणाल्या, "अहो, वरणभात गिळा आधी."

२ मार्च, रविवार

एका सुभेदाराचा निरोप आला, कॅप्टनमार्फत. लिहितो, "हौसाबाईने तंबू डोक्यावर घेतला. गोळीबारानंतर पोरं पहिल्यांदा हसली. तुमचे बंधू मात्र मध्येच ताट ठेवून बाहेर गेले."

ताट ठेवून. बरं. पन्नास माणसं हसतात आणि माझा सख्खा भाऊ उठून जातो. लाज वाटली असेल, घरच्या बाईचं सोंग केलं म्हणून. की मी काहीतरी करून दाखवलं तेच बघवलं नाही? आता मीही बोलणार नाही. फोन आला तरी उचलणार नाही.

३ मार्च, सोमवार

फोन आला. उचलला. कॅप्टनच्या फोनवरून होता, मध्येमध्ये तुटत होता.

मी म्हटलं, "बोल. शिव्या द्यायच्या असतील तर दे."

"नंद्या, ते तक्क्याचं तू मनाने घातलंस का?"

"म्हणजे?"

"खरं सांग. तुझ्या डोक्यातलं की तिने सांगितलं?"

"वहिनी म्हणाली. त्याचं काय एवढं, नक्कल आहे—"

"उल्का कुशीवर झोपते. गुडघे पोटाशी घेऊन. लग्न झाल्यापासून तिला दुसरं कसं झोपता येत नाही, एसटीतसुद्धा. ती बसून झोपायला लागली म्हणजे काहीतरी झालंय. आणि तो दम. तो पण तिचाच का?"

मी हो म्हणालो.

"कधीपासून?"

मला जानेवारी म्हणायला जीभ उचलेना. "झाले असतील काही दिवस," म्हणालो.

तो शिव्या देईल असं वाटलं होतं. "ठेवतो, आईला लावतो," एवढंच म्हणाला.

४ मार्च, मंगळवार

आईने शेजारच्यांची गाडी करून वहिनीला साताऱ्याला नेलं. तिथून रात्रीच पुण्याला लष्कराच्या हॉस्पिटलमध्ये. वहिनीचा भाऊ बरोबर आहे. छातीत पाणी झालंय म्हणतात.

आणि वहिनीला दिवस गेलेत. पाचवा लागायला आलाय. आईला माहीत होतं. मागे एकदा तिसऱ्यात गेलं होतं, म्हणून दोघींनी ठरवलं होतं, पाचवा लागला की दादाला कळवायचं, तोवर कोणालाच नाही. आई फोनवर म्हणाली, "पोटुशी बाईला दम लागतोच की रे. मलाबी लागायचा तुमच्या वेळंला."

कवठं, भाकरीचा वास. मी दोन्हींवर हशे घेतले.

६ मार्च, गुरुवार

वहिनी वाचली. मूल गेलं.

मी शिफ्टवर होतो. पट्ट्यावरून पोळ्या येत राहिल्या आणि खाली पडत राहिल्या. सुपरवायझरने मशीन थांबवलं. मला बाहेर बसवलं.

८ मार्च, शनिवार

आज रेकॉर्डिंग नव्हतं तरी मिसिसागाला गेलो. डॉक्टरांना सगळं सांगितलं. पुण्याचे कागद वहिनीच्या भावाने फोनवर पाठवले होते, ते दाखवले. त्यांनी दोनदा वाचले. हृदयाची एक झडप लहानपणच्या तापापासून आवळलेली होती. एरवी निभावून गेलं, पोटुशी राहिल्यावर हृदयावर ताण आला. आता झडपेचं ऑपरेशन करावं लागणार.

"आधी कळलं असतं तर?" मी विचारलं.

त्यांनी माझा फोन मला परत दिला. शीलाकाकू जिन्यात उभ्या होत्या.

"जानेवारीत कळलं असतं तर औषधं, विश्रांती... बहुतेक निभावलं असतं," डॉक्टर म्हणाले. "पायऱ्यांवर दम. पाय सुजणं. आडवं पडता न येणं. नंदू, कुठल्याही विद्यार्थ्याला परीक्षेत हे विचारलं तर तो उत्तर लिहील. तू माझ्यासमोर तीन फुटांवर उभा राहून मला सगळं सांगितलंस. तो श्वाससुद्धा काढून दाखवलास. आणि ऊर्मी तो पुसत होती तर मी म्हणालो, ठेव."

"तुम्हाला काय माहीत, ते खरं होतं म्हणून?"

"मला विचारायचं सुचलं नाही. तुझ्या भावाने विचारलं."

काकूंनी चहा आणला. तो कोणी घेतला नाही. डॉक्टरांनी आज मला नंदूशेठ म्हटलं नाही.

९ मार्च, रविवार

वहिनीच्या सगळ्या नोटा फोनवर आहेत. पुन्हा लावल्या. पहिल्यांदा ऐकताना मी शब्द ऐकत नव्हतो, कुठे हशा येईल ते ऐकत होतो. आवाज कसा फिरतो, कुठे थांबतो, ते पाठ होतं मला. का थांबते हे एकदाही मनात आलं नाही. दादाने भोंग्यावरून ऐकलं, तेही माझ्या तोंडून, गोंगाटात, आणि त्याला कळलं.

१५ मार्च, शनिवार

वहिनीशी बोललो. आवाज बारीक झालाय.

"भाऊजी, जेवलात का?"

"मला माफ करा वहिनी."

"कशाबद्दल?"

"तुमचं सगळं मी भोंग्यावर सांगितलं. हसायला."

"मी ऐकलंय ते. ह्यांच्या मित्राच्या बायकोने पाठवलं होतं मला. कुत्री सलाम ठोकत्यात, त्याला मीपण हसले." मग म्हणाली, "भाऊजी, ह्यांना सांगायचं नव्हतं, घरात तसं नाहीच सांगत कोणी. आत्याबाईंना सांगितलं तर म्हणायच्या, होतं असं. कोणाला तरी सांगावं म्हणून तुम्हाला सांगत होते. म्हटलं, भाऊजी हुशार आहेत. ओळखतील."

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"रागावून नाही म्हणत हो," ती म्हणाली. "आता तसलं काही मनात ठेवू नका. आणि ते बंद करू नका. ह्यांची माणसं ऐकतात."

आई फोनवर आली, उगाच कोंबड्यांचं बोलत राहिली.

२२ मार्च, शनिवार

कॅप्टनची मेल: पोरं हौसाबाईचं विचारताहेत. दादाच्या घरी काय झालं ते कॅप्टनने कोणाला सांगितलेलं दिसत नाही. माइकसमोर उभा राहिलो. ऊर्मीने खूण केली. "अवं धनी," म्हणालो आणि पुढे जाईना, कारण तो आवाज वहिनीचाच आहे, दुसरा मला बनवता येईना. डॉक्टर म्हणाले, राहू दे. त्याऐवजी मी सातारा भागातल्या गावांच्या बाजारांची नक्कल केली, भाजीवाला, बांगडीवाला. बरी झाली. हशा येईल, पण ताटं वाजणार नाहीत.

निरोपांमध्ये एक बाई जवानाला सांगत होती की थोरल्याचा हात मोडलाय, प्लास्टर घातलंय, काळजी करू नका. ऊर्मीने सवयीने काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "असू दे ते." मग म्हणाल्या, "सगळंच असू दे." मी विचारलं, "आणि कोणी तिथे रडलं तर?" त्या म्हणाल्या, "रडेल. भाऊ उठून बाहेर गेला तुझा, तेवढ्यानेच उल्का वाचली ना?"

बरोबर असेल. आमच्या गावात हे पटणार नाही कोणाला. मला तरी पूर्ण पटलंय का, माहीत नाही.

२३ मार्च, रविवार

दादाचा फोन. ऑपरेशनची तारीख मिळालीय. विमानं आता कुठे सुरू होताहेत, आधी जखमी आणि अडकलेले जाणार, त्याचा नंबर ऑपरेशननंतर येईल. हॉस्पिटलचं सगळं लष्कर बघतं, पण आई दवाखान्याच्या बाकावर झोपतेय. जवळपास एक खोली बघायला हवी, दोन-तीन महिन्यांसाठी. नंतर वहिनीलाही तिथेच ठेवायचंय, गावी लगेच नेता येणार नाही.

मी म्हटलं, "दादा, मी तेव्हाच विचारायला पाहिजे होतं."

तो म्हणाला, "मीपण पाहिजे होतं. मला मस्त आहे म्हणाली, मी मानलं. मला तेच ऐकायचं होतं." मागे कोणीतरी त्याला हाक मारत होतं. "तिच्याशी बोलत जा. नक्कल नको करू, नुसतं विचारत जा. कशी झोपलीस विचार."

"विचारेन."

मग मी म्हटलं, खोलीचं मी बघतो, किती लागतील. तो नको म्हणेल असं वाटलं होतं. आमच्यात तो नेहमी देणारा. त्याने सरळ आकडा सांगितला.

फॅक्टरी बदलायचा विचार सोडला. उद्या सकाळी शिफ्टच्या आधी आईच्या खात्यावर पाठवतोय, एक्केचाळीस हजार रुपये.